ड्रॅगनचा खांदा

ड्रॅगन खरा वाटतो तो खांद्यामुळे. पंख धडाला जिथे जोडलेत ती जागा एकदा पटली, की बाकीचा प्राणी डोळा आपोआप मान्य करतो. ती जागा फसली, की वर कितीही खवले चढवा, शिंगं लावा, नाकातून धूर काढा, बघणाऱ्याच्या मनात कुठेतरी खटकत राहतं. मी कॉलेजात तुलनात्मक शरीररचना शिकवली. निवृत्तीनंतर पुण्यात ॲनिमेशनच्या मुलांना प्राण्यांची हाडं आणि स्नायू शिकवते. ही मुलं सिनेमासाठी, गेमसाठी ड्रॅगन काढतात आणि त्यांना वाटतं, हा धंदा कॉम्प्युटरबरोबर जन्माला आला. तो त्याच्या कितीतरी आधीचा आहे. कल्पनेतला प्राणी पटण्याजोगा करायचा तर खऱ्या प्राण्यांकडून काय उसनं घ्यायचं, हा प्रश्न शेकडो वर्षं शिल्पकारांना, चित्रकारांना, भामट्यांना आणि शास्त्रज्ञांना पडत आलाय. त्याचं उत्तर हळूहळू सरकत सरकत खांद्यापाशी येऊन पोचलं, आणि ती वाटचाल मला फार मोलाची वाटते.

लिओनार्दो दा विंचीच्या टिपणांत ड्रॅगनची चक्क कृती दिलेली आहे. त्याचं म्हणणं असं, की मनातल्या प्राण्याचा प्रत्येक अवयव कुठल्या तरी खऱ्या प्राण्यासारखा असला पाहिजे, नाहीतर तो निसर्गातला वाटणार नाही. म्हणून ड्रॅगनसाठी डोकं मॅस्टिफचं किंवा शिकारी कुत्र्याचं घ्यावं, डोळे मांजराचे, कान साळिंदराचे, नाक ग्रेहाउंडचं, भुवया सिंहाच्या, कानशिलं म्हाताऱ्या कोंबड्याची आणि मान पाणकासवाची. हे त्याने नुसतं लिहिलं नाही, करूनही पाहिलं. चरित्रकार व्हासारीने लिओनार्दोच्या चरित्रात सांगितलंय, की तरुणपणी एका ढालीवर अक्राळविक्राळ प्राणी रंगवायचा म्हणून त्याने सरडे, साप, टोळ, फुलपाखरं, वटवाघळं खोलीत आणून ठेवली आणि मेलेल्या प्राण्यांची दुर्गंधी सुटली तरी कामाच्या नादात त्याला तिचं भान नव्हतं. पुढे रोममध्ये असताना त्याने एका जिवंत सरड्याला दुसऱ्या सरड्यांच्या खवल्यांचे पंख, शिंगं आणि दाढी लावून मित्रांना घाबरवल्याची हकिकतही व्हासारीनेच दिलेली आहे.

चीनमध्ये अशीच एक यादी त्याच्या कितीतरी आधीपासून चालत आलेली आहे. हान काळातल्या वांग फू या लेखकाच्या नावावर ती सांगितली जाते. हरणाची शिंगं, उंटाचं डोकं, सापाची मान, माशाचे खवले, गरुडाच्या नख्या, वाघाचे पंजे, बैलाचे कान. दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवल्या की एक गोष्ट लक्षात येते. दोन्हींमध्ये दिसणारे भाग आहेत, ते भाग एकमेकांना जोडायचे कसे याबद्दल चकार शब्द नाही. लिओनार्दोच्या बाबतीत याचं मला विशेष नवल वाटतं, कारण माणसाच्या खांद्याचे स्नायू थरावर थर सोलून दाखवणारी त्याची १५१० च्या आसपासची चित्रं आजही आमच्या विषयातली उत्कृष्ट चित्रं मानली जातात, आणि पक्ष्यांच्या उड्डाणावर त्याने स्वतंत्र टिपणं लिहिली होती. खांदा त्याच्याइतका त्या काळात कुणालाच कळलेला नसावा. तरीही ड्रॅगनच्या कृतीत खांदा आला नाही. चित्रकाराला समोरून दिसणारा चेहरा पुरेसा होता. प्राणी उडताना, उतरताना, चालताना दाखवायची गरज अजून पडली नव्हती.

शिल्पकारांचंही तेच. ऑस्ट्रियातल्या क्लागनफुर्ट शहराच्या मुख्य चौकात दगडी ड्रॅगनचं कारंजं आहे. या शहराजवळ चौदाव्या शतकात एक प्रचंड कवटी सापडली. परंपरेनुसार साल १३३५. शहर वसवण्यापूर्वी दलदलीत राहणाऱ्या ज्या ड्रॅगनला मारल्याची दंतकथा होती, त्याचीच ही कवटी, असं लोकांनी ठरवलं आणि ती नगरभवनात टांगली. १५९० च्या सुमारास उलरिश फोगेलझांग या शिल्पकाराने कारंज्याचा ड्रॅगन घडवला तेव्हा डोक्यासाठी त्याने हीच कवटी नमुना म्हणून समोर ठेवली. ती निघाली हिमयुगातल्या केसाळ गेंड्याची. एकोणिसाव्या शतकात फ्रांत्स उंगर याने ती ओळखली. म्हणून त्या ड्रॅगनचं डोकं लांबट आणि जड आहे, आणि त्याला एक वजन आहे. ते खऱ्या हाडावरून आलेलं आहे. नामशेष झालेल्या प्राण्याच्या हाडावरून त्याचं डोकं उभं करायचा हा युरोपातला अगदी सुरुवातीचा प्रयत्न, असं पुराजीवशास्त्राच्या इतिहासात त्याचं नाव घेतलं जातं. मागचं धड, शेपटी आणि पंख यांच्यासाठी मात्र फोगेलझांगकडे हाड नव्हतं, फक्त रूढ चित्रं होती.

जोडणीचा पहिला खरा अभ्यास केला तो भामट्यांनी. हे मी निंदेने म्हणत नाही. गिऱ्हाईक ड्रॅगन हातात घेऊन उलटापालटा करून बघणार, हे त्यांना ठाऊक होतं, त्यामुळे सांधा लपवणं हेच त्यांचं कसब. युरोपातल्या बंदरांतून वाळवलेल्या पाकटाचे ड्रॅगन विकले जात. पाकट हा आपल्या कोळ्यांच्या नेहमीच्या ओळखीचा चपटा मासा. त्याच्या पोटाकडच्या बाजूला तोंड आणि त्यावरच्या नाकपुड्या मिळून एक विचित्र चेहरा दिसतो. कडेचे रुंद पर सुरीने कापून त्यांचे पंख करायचे, शेपटी पिळायची, दोऱ्याने आवळून मान काढायची आणि उन्हात वाळवायचं. स्विस निसर्ग-अभ्यासक कोनराड गेस्नर याने १५५८ सालच्या आपल्या ग्रंथात असा नमुना छापून वाचकांना सावध केलंय, की हा ड्रॅगन नसून कापून बिघडवलेला पाकट आहे.

त्यानंतर १४ वर्षांनी, १३ मे १५७२ रोजी, बोलोन्याजवळ एका गुराख्याने दोन पायांचा ड्रॅगन मारल्याची बातमी पसरली. त्याच दिवशी बोलोन्याचेच ऊगो बोनकोम्पान्यी पोप म्हणून निवडले गेले आणि तेरावे ग्रेगरी झाले. त्यांच्या घराण्याच्या चिन्हावरही ड्रॅगन होता. शकुन-अपशकुनाच्या गोष्टी सुरू झाल्या. तो मेलेला प्राणी पोपच्याच नात्यातल्या उलिस्से आल्द्रोवान्दी या विद्वानाकडे आला. त्याने अपशकुनाची चर्चा बाजूला ठेवली आणि एखाद्या सापाचं करावं तसं त्याचं वर्णन केलं, चित्र काढून घेतलं. ते चित्र त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली निघालेल्या साप आणि ड्रॅगनांवरच्या ग्रंथात आहे. पातळ मान, मध्येच फुगलेलं धड, पुन्हा निमुळती शेपटी आणि पुढे दोन आखूड पाय. हे चित्र मी मुलांना दाखवते तेव्हा त्यांना फक्त पायांच्या मुळाशी बघायला सांगते. ते पाय धडातून उगवलेले नाहीत, धडाला चिकटलेले आहेत. साप, मासा आणि भेक यांचे भाग जोडून तो केलेला असावा, असं अलीकडच्या अभ्यासकांनी त्या चित्रावरून दाखवून दिलंय. सापाच्या सांगाड्यात पुढचे पाय अडकवायला खांद्याचं हाडच नसतं. भामटा हुशार होता, पण त्या हाडाची जागा त्याला भरून काढता आली नाही.

मग १७३५ साली प्राण्यांचं वर्गीकरण करणारा कार्ल लिनियस हॅम्बुर्गला पोचला. तिथे नगराध्यक्षाकडे सात डोक्यांचा हायड्रा होता, प्रागच्या लुटीतून आलेला म्हणून सांगितला जाणारा, आणि त्याला मोठी किंमत येईल अशी अपेक्षा होती. लिनियसने जबडे पाहिले, पंजे पाहिले आणि सांगून टाकलं, की हे वीझल या छोट्या शिकारी प्राण्याचे जबडे आणि पाय आहेत, वर सापाची कातडी चढवली आहे. किंमत पडली आणि लिनियसने शहर सोडलं. त्याच साली त्याचा वर्गीकरणाचा ग्रंथ निघाला. त्यात संशयास्पद प्राण्यांचा एक वेगळा रकाना होता. ड्रॅगनबद्दल त्यात लिहिलं होतं, की सापाचं अंग, दोन पाय आणि वटवाघळासारखे दोन पंख असलेला हा प्राणी म्हणजे एकतर पंख असलेला सरडा किंवा मुद्दाम घडवून वाळवलेला पाकट. मागच्या दोनशे वर्षांच्या कारागिरीचा हा निकाल होता. १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत त्याने ड्रॅको हे नाव एका खऱ्या, जंगलात राहणाऱ्या, झाडावरून झाडावर तरंगत जाणाऱ्या सरड्याला दिलं. त्या सरड्याकडे मी शेवटी येणार आहे.

लिनियसने खोटा ड्रॅगन बाद केला, पण उडणारा सरपटणारा प्राणी कसा असतो हे दाखवलं बव्हेरियातल्या चुनखडीने. झोल्नहोफेनच्या खडकात सापडलेल्या एका विचित्र सांगाड्याचं वर्णन कोलिनी या अभ्यासकाने १७८४ साली केलं, त्याला तो समुद्री प्राणी वाटला. १८०१ साली शरीररचनातज्ज्ञ जॉर्ज कुव्हिएने केवळ चित्रावरून सांगितलं, की हा उडणारा सरपटणारा प्राणी आहे. टेरोडॅक्टिल नाव पुढे त्यानेच दिलं. या प्राण्याचा पंख अख्खा एका बोटावर तोललेला होता, हाताचं चौथं बोट वाढून काठीसारखं लांब झालेलं. पुढे १८४९ साली रिचर्ड ओवेनने अवयवांवरचं आपलं पुस्तक काढलं आणि वटवाघळाचा पंख, पक्ष्याचा पंख, बीळ खणणाऱ्या मोल या प्राण्याचा पंजा, माणसाचा हात हे सगळे त्याच हाडांचे निरनिराळे आकार आहेत, हे मांडलं.

त्या क्षणी ड्रॅगनचा प्रश्न स्वच्छ झाला. कणा असलेल्या प्राण्यांत उडायला शिकलेले गट तीनच आहेत: टेरोसॉर, पक्षी आणि वटवाघूळ. तिघांनी तीन वेगळ्या रीतीने पंख केले, पण तिघांनीही हातच खर्ची घातला. चार पाय शाबूत ठेवून पाठीवर वेगळे पंख फुटलेला एकही प्राणी नाही. चार पाय आणि दोन पंख म्हणजे सहा अवयव झाले, आणि पाचव्या-सहाव्यासाठी सांगाड्यात जागा नाही.

हे मुलांना शब्दांनी पटत नाही, म्हणून मी कोंबडी आणते. आमच्या चिकनवाल्याला सांगून ठेवलेलं असतं, की पंख कापू नको, छाती फोडू नको, अख्खी सोलून दे. ती टेबलावर उताणी ठेवायची. छातीच्या मधोमध हाडाची उभी पात बोटाला लागते. तिच्या दोन्ही बाजूंना मांसाचा जो मोठा गोळा आहे, तो पंख खाली ओढणारा स्नायू. कबुतरासारख्या दमदार उडणाऱ्या पक्ष्यांत उडण्याचे स्नायू सगळ्या शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास जातात. हा गोळा हळूच सुटा केला की खाली हाडालगत दुसरा, निमुळता, लांबट स्नायू दिसतो. मुलांना वाटतं तोही पंख खालीच ओढत असणार, कारण तोही छातीतच आहे. मी त्या स्नायूच्या वरच्या टोकाची पांढरी कंडरा दाखवते. ती खांद्याच्या तीन हाडांच्या मधल्या भोकातून वर जाते आणि दंडाच्या हाडावर वरच्या अंगाने बसते. विहिरीवरच्या रहाटाला दोर जसा खालून ओढला की बादली वर येते, तसं इथे घडतं. मी एका मुलीला तो स्नायू चिमटीत धरून ओढायला सांगते. मेलेल्या कोंबडीचा पंख सावकाश वर उठतो. खोलीत एकदम शांतता पसरते आणि मग सगळेच ओढून बघायला पुढे सरसावतात.

मग मी विचारते, तुमच्या ड्रॅगनच्या पुढच्या पायांचे स्नायूही छातीलाच बांधलेले आहेत, मग पंखांचे कुठे बांधणार? पाठीवर? तिथे हाडाची पात कुठे आहे? वटवाघळाला पंख उचलायला पाठीचे स्नायूही मदत करतात, पण तेही हात मोकळा ठेवत नाही. एक मुलगा मला म्हणाला, "मॅडम, मग याला दुसरी छाती द्यावी लागेल." अगदी बरोबर. आणि दुसरी छाती दिली की प्राणी एवढा जड होतो, की तो उडायचाच नाही.

कारण वजनाचा हिशेब निर्दय आहे. लांबी दुप्पट झाली की पंखाचं क्षेत्रफळ चौपट होतं, पण वजन आठपट. आपल्याकडे सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर ज्याच्यासाठी अभयारण्य केलं तो माळढोक उडणाऱ्या पक्ष्यांतला अतिशय जड पक्षी. मोठा नर १५ किलोच्या घरात जातो आणि त्याला हवेत चढायला धावत सुटावं लागतं. टेक्सासमध्ये १९७१ साली सापडलेला क्वेट्झलकोट्लस हा टेरोसॉर मात्र पंख पसरून १० मीटरच्या आसपास भरत होता आणि त्याचं वजन २०० किलोहून अधिक असल्याचे अंदाज आहेत. तो कसा उडायचा? मायकेल हबीब या अभ्यासकाने २००८ साली मांडलं, की तो दोन पायांवर धावत नसे. पंख दुमडून त्याच्या सांध्यावर चार पायांनी चालायचा आणि उडताना त्या बळकट पुढच्या अवयवांनीच जमिनीला रेटा द्यायचा. ज्या स्नायूंनी पंख मारायचे त्यांनीच उडी मारायची, म्हणजे वेगळ्या पायांचं ओझं नको. उडणाऱ्या ड्रॅगनला निसर्गाने दिलेली मोठ्यात मोठी मुभा ती एवढीच.

सिनेमाने हे ज्ञान कसं उचललं ते बघण्यासारखं आहे. १९५८ साली रे हॅरीहाउझेनने सिंदबादच्या सिनेमात दाखवलेल्या ड्रॅगनला पंखच नव्हते, त्यामुळे प्रश्न टळला. तो सुटला १९८१ साली 'ड्रॅगनस्लेअर'मध्ये. इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकच्या कारागिरांनी व्हर्मिथ्रॅक्स या ड्रॅगनला मागचे दोनच पाय दिले. पुढचे अवयव म्हणजेच पंख, आणि गुहेत तो त्या दुमडलेल्या पंखांच्या मनगटांवर रेलून, वटवाघळासारखा सरपटत पुढे येतो. फिल टिपेट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बाहुलीला सळ्या जोडल्या, त्या संगणकावर चालणाऱ्या मोटरींनी हलवल्या आणि कॅमेऱ्याचं झाकण उघडं असतानाच बाहुली हलू दिली. त्यामुळे हालचालीला खऱ्या प्राण्याच्या हालचालीत असतो तसा पुसटपणा आला. तोपर्यंतच्या बाहुल्या चित्रचौकटीगणिक थांबत होत्या. इथे पहिल्यांदा पाहणाऱ्याला अंगातलं वजन एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाताना दिसलं.

त्यानंतर १९९६ च्या 'ड्रॅगनहार्ट'ने चेहरा आणि ओठ बोलके केले, पण चार पायांवर पंख पुन्हा बसवले. २००२ च्या 'रेन ऑफ फायर'ने पुन्हा दोन पायांकडे वळून आगीचीही सोय लावली: तोंडातल्या ग्रंथींतून दोन रसायनं फवारायची आणि ती हवेत एकत्र आली की पेटायची. यालाही खऱ्या प्राण्याचा आधार आहे. बॉम्बार्डियर भुंगेरा पोटातल्या कप्प्यात हायड्रोक्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड साठवतो आणि धोका दिसला की दुसऱ्या कप्प्यात विकरांशी गाठ घालून १०० अंश सेल्सियसच्या आसपासचा फवारा उडवतो. २०१२ साली 'द हॉबिट'च्या पहिल्या भागात स्मॉग या ड्रॅगनला पुढचे पाय असल्याची झलक दिसली होती, २०१३ च्या दुसऱ्या भागात ते गेले आणि तो पंखांवर चालू लागला. मूळ पुस्तकाचा लेखक टॉल्किन याने स्वतः काढलेल्या चित्रात त्याला चार पाय आणि पंख आहेत, तरी सिनेमाच्या वेलिंग्टनमधल्या कलाकारांना शरीररचनेचं ऐकावं लागलं. 'गेम ऑफ थ्रोन्स'चे लेखक जॉर्ज मार्टिन यांचाही आग्रह हाच, की चार पाय आणि वर पंख असा प्राणी निसर्गात नाही, म्हणून ड्रॅगनला पाय दोनच.

मला ही सगळी घडामोड मनापासून आवडते, पण या धंद्यातल्या आजच्या तरुणांना माझं एक सांगणं आहे. वटवाघूळ आणि टेरोसॉर यांच्यावर थांबू नका. लिनियसने ज्याला ड्रॅको नाव दिलं त्या प्रजातीची एक जात आपल्या सह्याद्रीत आहे, ड्रॅको दुसुमिएरी. दक्षिण गोव्यात खोतीगावच्या बाजूला सुपारीच्या खोडावर मी तो पाहिला. सालीच्या रंगाचा, बोटाएवढ्या जाडीचा, गळ्याखालची पिवळी पिशवी झटक्याने उघडणारा नर. त्याला चारही पाय आहेत. पंखासाठी त्याने हात खर्ची घातला नाही, बरगड्या वापरल्या. पाच ते सात बरगड्या अंगाबाहेर लांब वाढल्या आहेत आणि त्यांच्यावर पातळ कातडं ताणलं आहे. चढताना बरगड्या अंगालगत मिटलेल्या असतात, उडी घेतली की पंख्यासारख्या पसरतात. २०१७ साली माक्सिमिलियन डेलिंग या जर्मन अभ्यासकाने याच जातीच्या उड्डाणाच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. उडी घेतल्यावर हा सरडा पुढचे दोन्ही पाय मागे वळवून पंखाची पुढची कड पकडतो आणि तिने दिशा सांभाळतो, आणि समोरच्या खोडावर उतरायच्या क्षणी कड सोडून तेच पाय पुढे करतो.

चार पाय आणि दोन पंख यांचा मेळ निसर्गाने घातलेला आहे, फक्त पंख मारण्याचा हट्ट सोडावा लागतो. हा एकदाच घडलेला अपवाद नाही. वीसेक कोटी वर्षांपूर्वीच्या ट्रायासिक काळात क्यूनिओसॉरस नावाच्या प्राण्यानेही बरगड्यांवरच पंख उभारले होते. सहा अवयवांचा ड्रॅगन काढायचा असेल तर तो हलका असावा, उंच कड्यावरून तरंगावा, बरगड्या मिटून चार पायांनी भिंत चढावा. असा ड्रॅगन एकाही मोठ्या सिनेमात माझ्या पाहण्यात नाही. तो काढायला पुण्याच्या विद्यार्थ्याला झोल्नहोफेनला जायची गरज नाही. खोतीगाव रात्रीच्या गाडीइतकं जवळ आहे, आणि वही-पेन्सिल घेऊन सुपारीच्या बागेत बसायला कुणाची परवानगी लागली तर ती बागवाल्याची.